लिनक्स टाकताना हार्ड डिस्कचे किती भाग करायचे? (विंडोज ठेवूनच)

रामबागवाली
मंडळी, एक गोष्ट काही केल्या ठरत नाहीये. आईचा डेस्कटॉप आहे: सहाव्या पिढीचा आय-५, ८ जीबी रॅम, २५६ जीबीची एसएसडी आणि तिच्यावर विंडोज १०. शिवाय १ टीबीची जुनी हार्ड डिस्क, तिच्यावर डी, ई, एफ. विंडोज १० चे नेहमीचे अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपले आणि विंडोज ११ या प्रोसेसरला अधिकृतपणे घेत नाही. मशीन मात्र ठणठणीत आहे, भंगारात द्यायला जीव होत नाही. म्हणून लिनक्स मिंट ही मोफत ऑपरेटिंग सिस्टम टाकायचं ठरलंय.

विंडोज पूर्ण काढता येणार नाही. आई आमच्या मंडळाच्या वार्षिक अंकाचं काम बघते आणि जुने अंक युनिकोडच्या आधीच्या फाँटमध्ये आहेत. ते उघडायचे तर तेच जुनं सॉफ्टवेअर आणि त्याचा डोंगल (लायसन्ससाठी संगणकाला लावायची खुंटी) लागतो.

अडलंय ते पार्टिशनपाशी. एक व्हिडिओवाला सांगतो फक्त रूट, म्हणजे सिस्टमचा मुख्य भाग, करा. दुसरा म्हणतो रूट, होम (आपल्या फाइली), स्वॅप (रॅम कमी पडली तर वापरायची जागा), बूट (सिस्टम सुरू करणाऱ्या फाइली) असे चार हवेत. तिसऱ्याने तर /व्हार (लॉग वगैरे) आणि /टेम्प (तात्पुरत्या फाइली) सुद्धा वेगळे काढले. रूटला कोणी २० जीबी म्हणतं, कोणी १००. आईचं म्हणणं एवढंच, "फोटो आणि अंक जाता कामा नयेत, बाकी तुला काय करायचं ते कर." तुम्ही आपापल्या घरी काय केलंय ते सांगा ना.

सराफाप्रेमी
एकच पार्टिशन. झोपा आता.

जुना_जाणता
सराफाप्रेमी, रात्री दोनला गराडू खाऊन सल्ले देत जाऊ नका.

बेटा, होम वेगळं हवंच. आम्ही मासिकाबरोबर आलेल्या सीडीवरून लिनक्स टाकायला लागलो तेव्हा ४ जीबीची डिस्क म्हणजे चैन होती, तरीही होम वेगळंच काढायचो. कारण साधं आहे. उद्या मिंटचा कंटाळा आला किंवा अपडेटने काही बिघडलं, तर रूट पुसायचं, नव्याने टाकायचं. होमला 'फॉरमॅट' ची खूण करायची नाही. फाइली, ब्राउझरचे बुकमार्क, सगळं जागच्या जागी.

बाकीच्या भागांमागे त्या त्या काळाची कारणं होती. जुन्या बायोसला (मशीन सुरू करणाऱ्या प्रोग्रामला) १०२४ व्या सिलिंडरच्या पलीकडचं वाचता यायचं नाही, म्हणून /बूट डिस्कच्या अगदी सुरुवातीला वेगळं काढायचं. स्वॅप रॅमच्या दुप्पट, हा हिशेब रॅम ३२ किंवा ६४ एमबी असायची तेव्हाचा. तो आज ८ जीबीला लावून १६ जीबी स्वॅप काढणारे पाहिले की हसू येतं.

पोहा_विथ_जिरावण
भिया, इंदूरचे असून हा प्रश्न पडतोच कसा? ओला कचरा वेगळा, सुका वेगळा. सिस्टम वेगळी, डेटा वेगळा. सकाळी कचऱ्याची गाडी गाणं वाजवत येईल तेव्हा सी ड्राइव्ह त्यातच टाका.

बडोद्याचा_ॲडमिन
जुना_जाणता काकांशी अर्धवट सहमत. दिवसभर सर्व्हर सांभाळतो म्हणून सांगतो. तिथे /व्हार वेगळं ठेवतात ते लॉग फुगून डिस्क भरली तरी बाकी सिस्टम उभी राहावी म्हणून. घरी ते दुखणं नसतं. घरचं दुखणं नेमकं उलटं.

दांडिया बाजारात ओळखीच्या एका दुकानातलं मशीन सांगतो. कुणीतरी जुना लेख वाचून रूट २० जीबी आणि बाकी सगळं होम असं काढून दिलं होतं. वर्षभरात रूट भरलं. फ्लॅटपॅकची (ॲप टाकायची एक पद्धत) ॲप्स /व्हार/लिब/फ्लॅटपॅकमध्ये बसतात, म्हणजे रूटमध्येच. टाइमशिफ्ट हा प्रोग्राम आपले स्नॅपशॉट (सिस्टमच्या त्या क्षणाच्या प्रती) डीफॉल्टने रूटवरच साठवतो. वर जुने कर्नल (लिनक्सचा गाभा) साचलेले. एके दिवशी पासवर्ड टाकला की पुन्हा लॉगिनचाच पडदा, असं सुरू झालं. होममध्ये मात्र १०० जीबीच्या वर जागा मोकळी!

मिंटवाले स्वतः किमान २० जीबी म्हणतात आणि आरामात चालायला १०० जीबी सुचवतात. लोकांना त्यातला २० तेवढा लक्षात राहतो.

जुना_जाणता
मग रूट ६० करा. यात होमचा काय दोष?

बडोद्याचा_ॲडमिन
दोष होमचा नाही, अंदाजाचा आहे. दोन भाग केले की कुठला आधी भरेल ते आज ठरवावं लागतं, आणि ते बहुधा चुकतं. ईएक्सटी४ (लिनक्सची फाइली साठवायची पद्धत) वाढवायचं तर लगतच मोकळी जागा लागते. लहान करायचं तर ते अनमाउंट (चालू सिस्टमपासून सुटं) असावं लागतं, म्हणजे पुन्हा पेन ड्राइव्हवरून बूट करा, जीपार्टेड हा भाग करायचा प्रोग्राम उघडा. आणि भागाची सुरुवातच सरकवायची असेल तर आतला सगळा डेटा हलतो. तोवर लाइट गेली तर देवाचा धावा.

टर्मिनलताई
थांबा सगळे. मशीन न बघताच आकडे वाटताय. रामबागवाली, आधी एवढं बघून सांग:

विंडोजमध्ये 'एमएसइन्फो३२' उघड, तिथे 'बायोस मोड' समोर लेगसी (जुनी पद्धत) आहे की यूईएफआय (नवी)? डिस्क मॅनेजमेंटमध्ये दोन्ही डिस्कवर कोणते भाग दिसतात? सी मध्ये भरलेलं किती? सी वर राइट क्लिक करून 'श्रिंक' केलं तर किती जागा सुटेल म्हणतं? बिटलॉकर (डिस्कला कुलूप लावणारी विंडोजची सोय) चालू आहे का?

रामबागवाली
बघितलं ताई. बायोस मोड लेगसी. दोन्ही डिस्क एमबीआर (भागांची नोंद ठेवायची जुनी पद्धत). एसएसडीवर आधी 'सिस्टम रिझर्व्ह्ड' म्हणून ५४९ एमबीचा भाग, मग सी साधारण २३८ जीबी, त्यात ९२ भरलेले. हार्ड डिस्कवर डी ३००, ई ३००, एफ ३३१, तिन्ही प्रायमरी. बिटलॉकर बंद आहे. पण श्रिंक करायला गेले तर फक्त २१ जीबी सुटेल म्हणतंय! १४० जीबी रिकामे असून?

आणि २५६ ची डिस्क २३८ च कशी? १ टीबीच्याही तिघांची बेरीज ९३१ येतेय.

सराफाप्रेमी
बाकीची दुकानदाराने खाल्ली.

बडोद्याचा_ॲडमिन
कोणी खाल्ली नाही. कंपनी हजाराच्या पटीत मोजते, विंडोज १०२४ च्या. जीपार्टेडमध्ये जीबीऐवजी 'जीआयबी' दिसेल, ते विंडोजच्या हिशेबाशी जुळतं.

जुना_जाणता
सिल्व्हर मॉलमधून असेंबल केलेलं मशीन दिसतंय. मदरबोर्डला यूईएफआय येत असूनही दुकानवाले सवयीने लेगसीमध्येच विंडोज टाकून द्यायचे.

टर्मिनलताई
आता बोलता येईल. एकेक घेते.

२१ जीबीचं कारण: विंडोजच्या काही फाइली जागेवरून हलत नाहीत. हायबरनेशनची फाइल, पेजफाइल, सिस्टम रिस्टोर. त्यातली एखादी सी च्या मधोमध बसली असली तर श्रिंक तिथेच अडतं. ॲडमिन म्हणून कमांड प्रॉम्प्ट उघडून 'पॉवरसीएफजी /एच ऑफ' दे. पेजफाइल आणि सिस्टम रिस्टोर तात्पुरते बंद कर, रीस्टार्ट कर, मग पुन्हा श्रिंक बघ. काम झालं की पेजफाइल परत चालू करायला विसरू नकोस. हायबरनेशन मात्र बंदच ठेव. त्याबरोबर 'फास्ट स्टार्टअप' ही बंद होतं आणि ते आपल्याला हवंच आहे. ते चालू असलं की विंडोज 'शट डाउन' म्हणत अर्धवट झोपतं, आणि लिनक्स ते एनटीएफएस (विंडोजची फाइली साठवायची पद्धत) भाग लिहायला देत नाही.

सी १३० जीबी ठेव. ९२ भरलेत, विंडोजलाही श्वास घ्यायला जागा हवी. उरलेले शंभरेक जीबी लिनक्सला.

एमबीआरमध्ये प्रायमरी भाग जास्तीत जास्त चार. तुझे एसएसडीवर दोन आहेत, लिनक्सचा तिसरा. बसलं. आणि ती मोकळी जागा विंडोजमध्ये मोकळीच सोड, तिथे नवा ड्राइव्ह बनवत बसू नकोस. डिस्क मॅनेजमेंटने कधी 'डायनॅमिक डिस्क' करू का असं विचारलं तर नाहीच म्हणायचं. लिनक्सच्या इन्स्टॉलरचं त्याच्याशी जमत नाही.

सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे विंडोज लेगसीमध्ये आहे, तर लिनक्सही लेगसीमध्येच टाक. बूट मेनूत तोच पेन ड्राइव्ह दोनदा दिसेल, एकाच्या आधी 'यूईएफआय' लिहिलेलं असेल. ते नसलेला निवड. हे चुकलं की दोन्ही सिस्टम आपापल्या जागी धडधाकट, पण ग्रबच्या (सुरुवातीला कुठली सिस्टम हवी ते विचारणारा प्रोग्राम) यादीतून विंडोज सुरू होत नाही. मग लोक इथे येऊन 'विंडोज उडालं' म्हणून धागा काढतात.

लष्करवाला_ग्वाल्हेर
ताई, २०२६ मध्ये लेगसी कशाला? विंडोज १० मध्येच 'एमबीआर२जीपीटी' आहे, १७०३ आवृत्तीपासून. डेटा न उडवता डिस्क जीपीटी (एमबीआरच्या जागी आलेली नवी पद्धत) होते. मग चार भागांची कटकट नाही, डीफॉल्टने १२८ मिळतात.

आणि ईएक्सटी४ ऐवजी बीटीआरएफएस ही दुसरी पद्धत घ्या. हा रूट-होमचा वादच मिटतो. भाग एकच, आत सबव्हॉल्यूम (पोटभाग) दोन. मिंटचा इन्स्टॉलर ते आपणहून बनवतो. जागा दोघांत सामायिक, त्यामुळे एक भरलं आणि दुसरं रिकामं असं होत नाही. स्नॅपशॉट क्षणात होतो. फेडोरा या दुसऱ्या लिनक्सने डेस्कटॉपला ३३ व्या आवृत्तीपासून, म्हणजे २०२० पासून, हेच डीफॉल्ट केलंय.

टर्मिनलताई
एमबीआर२जीपीटी चांगलंच आहे, पण त्यानंतर बायोसमध्ये जाऊन मोड बदलावा लागतो, आणि ते करायचं तर लिनक्स टाकायच्या आधी. इथे तीनच भागांत काम भागतंय. चालू असलेल्या विंडोजला आणि त्या डोंगलला मी हात लावणार नाही.

बडोद्याचा_ॲडमिन
बीटीआरएफएस मीही वापरतो, वाईट नाही. पण डिस्क काठोकाठ भरली की 'जागा नाही' आणि 'जागा आहे' दोन्ही एकदमच ऐकायला येतं. ते कोडं रामबागवालीच्या आईने सोडवायचं का? शिवाय स्नॅपशॉट त्याच डिस्कवर असतो. डिस्क गेली की तोही गेला.

सबमिट_उद्या
धागा हायजॅक करतोय, सॉरी. माझ्या नव्या लॅपटॉपवर इन्स्टॉलरला एसएसडी दिसतच नाहीये. पार्टिशनच्या पडद्यावर नुसता पेन ड्राइव्ह. डिस्क खराब आहे का?

बडोद्याचा_ॲडमिन
इंटेल असेल तर बायोसमध्ये 'व्हीएमडी' किंवा 'आरएसटी' (इंटेलची डिस्क सांभाळायची सोय) चालू असणार. पण ते सरळ बंद करू नकोस, विंडोज निळा पडदा दाखवेल. आधी विंडोज सेफ मोडमध्ये सुरू होईल असं लावायचं, मग बायोसमध्ये बदल करायचा, एकदा सेफ मोडमध्ये जाऊ द्यायचं आणि मग सेफ मोड काढायचा. त्याच्याही आधी बिटलॉकरची रिकव्हरी की कागदावर उतरवून घे. नव्या लॅपटॉपवर ते न सांगता चालू असतं.

पोहा_विथ_जिरावण
कागदावर. लॅपटॉपच्या डेस्कटॉपवर 'की' नावाच्या फाइलमध्ये नव्हे. आमच्या होस्टेलात असाही एक होऊन गेला.

सबमिट_उद्या
...डिलीट केली ती फाइल. कागद शोधतो.

रामबागवाली
श्रिंकचं जमलं! सगळं बंद करून रीस्टार्ट केल्यावर ११८ जीबी सुटेल म्हणालं. सी १३० वर आणलं, साधारण १०८ मोकळे झाले.

आता प्रश्न असा की होम १ टीबीच्या डिस्कवर ठेवू का? जागा तिथेच आहे.

जुना_जाणता
ठेव. रूट एसएसडीवर, होम मोठ्या डिस्कवर, ही जुनी आणि चांगली रीत आहे.

टर्मिनलताई
काका, यावर भांडू आपण. होममध्ये फक्त फोटो नसतात. ब्राउझरचं प्रोफाइल आणि कॅश, सगळ्या प्रोग्रामच्या सेटिंग्ज, सगळं लपलेल्या फोल्डरांत तिथेच असतं. होम फिरत्या डिस्कवर गेलं की लॉगिन आणि ब्राउझर दोन्ही रेंगाळतात. मग लोक म्हणतात, लिनक्स हळू आहे.

माझं म्हणणं, होम रूटमध्येच राहू दे, एसएसडीवर, १०८ चा एकच भाग. मोठा डेटा तेवढा हार्ड डिस्कवर ठेव आणि होममधल्या 'पिक्चर्स', 'डॉक्युमेंट्स' चे दुवे तिकडे दे. होम वेगळं ठेवून जे साधायचं ते असंही साधतं, आणि एसएसडीच्या अंदाजाची भानगड राहत नाही. नव्याने टाकताना एसएसडीवरचा तो भाग खुशाल पुसावा.

जुना_जाणता
सेटिंग्ज जातील त्याचं काय?

टर्मिनलताई
एका डिस्ट्रोच्या (लिनक्सच्या प्रकाराच्या) सेटिंग्ज दुसऱ्यात ओढल्या की पॅनेल गायब, थीम अर्धी. त्या गेलेल्याच बऱ्या. बुकमार्क आधी एक्स्पोर्ट करून घ्यायचे.

जुना_जाणता
हं. घरच्या मशीनपुरतं मान्य करतो. माझं होम वेगळंच राहणार.

बडोद्याचा_ॲडमिन
एक कुणीच विचारलं नाही. ती १ टीबी किती जुनी आहे? 'डिस्क्स' नावाच्या प्रोग्राममध्ये 'स्मार्ट डेटा' उघड आणि 'रीअलोकेटेड' आणि 'पेंडिंग' सेक्टर शून्य आहेत का बघ. फोटो आणि अंक जाऊ नयेत ही अट आहे ना? मग सगळ्यात आधी बाहेरची डिस्क आण आणि सगळं तिच्यावर उतरव. कट-पेस्ट नको, कॉपी कर, उघडून बघ. पार्टिशन कितीही शास्त्रशुद्ध काढलीस तरी डिस्क बसली की सगळी एकदम बसतात.

लष्करवाला_ग्वाल्हेर
आणि डी, ई, एफ एनटीएफएसच ठेवणार? विंडोजला लागणारा भाग ठीक आहे, पण सगळेच? कर्नल ५.१५ पासून, म्हणजे २०२१ पासून, एनटीएफएस लिहिणारा नवा ड्रायव्हर आत आलाय. पण त्या भागात बिघाड झाला तर दुरुस्तीला विंडोजचं चेकडिस्कच लागतं.

रामबागवाली
मग असं करू? डी तसंच एनटीएफएस, त्यात मंडळाचे अंक, दोन्हीकडून दिसतील. ई आणि एफ रिकामे करून एकच ईएक्सटी४, त्यात फोटो.

पोहा_विथ_जिरावण
चालेल. फक्त एक. आई विंडोजमध्ये असताना अंकात टाकायला फोटो शोधायला जाईल, तो ईएक्सटी४ वर. विंडोजला तो भाग दिसणारच नाही. उलट 'फॉरमॅट करायचं का?' असं विचारेल. आई भोळेपणाने हो म्हणाली तर?

टर्मिनलताई
अरे वा, जिरावणला अक्कल आहे! विंडोजमध्ये जाऊन त्या भागाला ड्राइव्हचं अक्षर लागलं असेल तर काढून टाक, म्हणजे तो प्रश्न येणार नाही. अंकाला लागणारे फोटो डी वर वेगळ्या फोल्डरमध्ये.

इन्स्टॉल करताना कॅबिनेट उघडून हार्ड डिस्कची साटाची केबल काढून ठेव. मग इन्स्टॉलरला एसएसडी आणि पेन ड्राइव्ह एवढंच दिसेल, चुकीच्या डिस्कवर हात पडायची सोयच नाही. 'इरेज डिस्क' कडे बघायचं नाही, 'समथिंग एल्स' निवड. मोकळ्या जागेवर ईएक्सटी४, माउंट पॉइंट '/', म्हणजे रूट. खाली बूटलोडर कुठे टाकायचा विचारेल, तिथे अख्खी एसएसडी निवड, तिचा एखादा भाग नव्हे. स्वॅपचा भाग काढलाच नाहीस तरी चालतं, इन्स्टॉलर स्वॅपची फाइल बनवून घेतो. उबुंटूने १७.०४ पासून हीच रीत धरली आणि मिंट उबुंटूवरच उभा आहे. हायबरनेट करायचं नाही, मग एवढं पुरे.

केबल परत लावल्यावर बायोसमध्ये बूटसाठी एसएसडीच पहिली आहे ना, ते बघ.

सराफाप्रेमी
म्हणजे एसएसडीवर लिनक्सचं एकच पार्टिशन. मी काय म्हणालो होतो?

जुना_जाणता
बंद घड्याळही दिवसातून दोनदा बरोबर असतं.

रामबागवाली
झालं सगळं! उशिरा लिहितेय, मधे मंडळाचा हळदीकुंकवाचा कार्यक्रम होता.

हार्ड डिस्कचे पेंडिंग सेक्टर शून्य निघाले, तरी बाहेरची डिस्क आणून सगळं उतरवलं. केबल काढली, मिंट टाकलं, ग्रबमध्ये विंडोजही दिसतंय, डोंगलचं सॉफ्टवेअर चालतंय. मग ई-एफ एकत्र करून ईएक्सटी४ केलं.

आईचा पहिला प्रश्न, "डी कुठे गेला?" लिनक्समध्ये अक्षरं नसतात हे समजावण्यापेक्षा लेबलं दिली. डी ला 'अंक', तो पटकन झाला. दुसऱ्याला काकांच्या आग्रहाखातर 'छायाचित्रे' द्यायला गेले तर घेईना.

बडोद्याचा_ॲडमिन
ईएक्सटी४ च्या लेबलला १६ बाइटच जागा असते. देवनागरीचं प्रत्येक चिन्ह ३ बाइट, काना-मात्रा-हलन्त वेगळे धरून. पाचच बसतात. 'छायाचित्रे' ३० बाइट होतात.

जुना_जाणता
मराठीवर अन्याय. निषेध नोंदवतो.

रामबागवाली
'फोटो' १२ मध्ये बसलं काका, माफ करा.

एफएसटॅबमध्ये (सुरू होताना कुठले भाग जोडायचे त्याची यादी) दोन्ही नोंदी यूयूआयडीने (भागाच्या ओळखक्रमांकाने) केल्या, म्हणजे केबल दुसऱ्या खाचेत गेली तरी बिघडणार नाही.

टर्मिनलताई
त्या नोंदींत 'नोफेल' (भाग नसला तरी पुढे जा) घातलंस का? नाहीतर ती जुनी डिस्क एखाद्या दिवशी उठली नाही की सिस्टम दीड मिनिट वाट बघत बसते आणि मग काळ्या पडद्यावर 'इमर्जन्सी मोड'.

रामबागवाली
नव्हतं, आता घातलं. आणखी एक, त्या 'फोटो' मधे फोटो सोडून काहीच नाही, तरी वापरता येण्याजोगी जागा तीसेक जीबी कमी दिसतेय. हेही १०२४ चं गणित?

बडोद्याचा_ॲडमिन
नाही. ईएक्सटी४ पाच टक्के जागा रूट वापरकर्त्यासाठी, म्हणजे सिस्टमच्या मुख्य खात्यासाठी, राखून ठेवतं. सिस्टमच्या भागावर ते कामाचं आहे, नुसत्या डेटाच्या भागावर एवढं लागत नाही. 'सुडो ट्यून२एफएस -एम १' आणि पुढे त्या भागाचं नाव. नाव 'एलएसबीएलके' (भागांची यादी दाखवणारी कमांड) ने आधी नीट बघून घे. एसएसडीवरच्या रूटला मात्र पाच तसेच राहू दे.

रामबागवाली
केलं. २५ जीबी परत आले. आई विचारतेय, पाचावरून एकावर आणलं तर फोटो फिके नाही ना पडणार?